अप्लाय न केलेली ओळ

आमच्या ऑफिसात जेवायच्या सुट्टीत वाजलेला फोन कोणी उचलत नसे. ताई उचलायच्या. त्या शुक्रवारीही डबा अर्धा टाकून त्याच उठल्या, आणि पलीकडचं ऐकता ऐकता त्यांचा चेहरा कसा उतरत गेला ते मी समोर बसून पाहिलं. "हो सर... बघते सर... नाही, आज तुमच्या नावावर आम्ही काहीच काम केलेलं नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"दादा, तळोज्याच्या मेल बंद पडल्यात. येणाऱ्या परत जातायत."

माझा घास तोंडातच राहिला. काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी जसा वागलो तसा काही न कळल्यामुळे वागलो, असा कोणाचा समज व्हायला नको.

आमचं ऑफिस नवीन पनवेलात, एका औषधांच्या दुकानाच्या वर. आसपासच्या कारखान्यांची, शाळांची, दवाखान्यांची इंटरनेटवरची नावं आम्ही सांभाळतो. कंपनीचं एक नाव असतं. त्या नावाची वेबसाइट कुठल्या मशीनवर आहे, त्या नावावर आलेली मेल कुठे पोचवायची, हे विचारणाऱ्याला सांगणारा एक सर्व्हर असतो. त्याला नेमसर्व्हर म्हणतात. मी हे काम सुरू केलं तेव्हा त्याच्या फायली हाताने लिहाव्या लागायच्या. आता ब्राउझरमध्ये पॅनेल उघडतं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचं एक चित्र, त्यावर क्लिक केलं की रकाने, रकान्यांत ओळी. मेलची ओळ बदलायची तर बदला आणि खाली सेव्ह दाबा.

पण सेव्ह म्हणजे नुसतं लिहून ठेवलं. सर्व्हर जगाला जुनंच सांगत राहतो. अप्लायचं वेगळं बटण आहे, ते दाबलं की मग नवं लागू होतं. एका नावात बारीकसारीक बदल असेल तर त्या नावापुरतं अप्लाय करता येतं. पण एखादं अख्खं नवीन नाव घातलं, तर अप्लाय संपूर्ण सर्व्हरला लागतं, आणि तोवर कोणी कोणी जे काही लिहून ठेवलेलं असेल ते सगळं एकदम लागू होतं. म्हणून मालकांचा नियम होता. लिहिलंस की लागू कर. लागू करायचं नसेल तर लिहू नकोस.

मी तो नियम कित्येक वर्षं पाळत नव्हतो. मोठे बदल आम्ही रविवारी करतो, कारखान्यांच्या ऑफिसांत तेव्हा शुकशुकाट असतो म्हणून. रविवारी ऑफिसला यायचं म्हणजे सुट्टी गेली. पॅनेल फोनवरही उघडतं, पण रकाने इतके बारीक दिसतात की टाइप करायची भीती वाटते. एक बटण मात्र दाबता येतं. तर मी काय करायचो, आठवड्याच्या मधेच कधीतरी ओळ लिहून सेव्ह करून ठेवायचो, आणि रविवारी घरी, खांदा कॉलनीतल्या आमच्या बाल्कनीत चहा घेता घेता अप्लाय दाबायचो. मालक समजत, मी ऑफिसला जाऊन काम करून आलो. त्याची बदली रजाही मी घेत होतो. ती घेऊन एकटाच कर्नाळ्याला जायचो, झाडाखाली बसायचो, परत यायचो. घरीही कोणाला सांगितलेलं नव्हतं.

इतकी वर्षं काही बिघडलं नाही, कारण पॅनेलला हात लावणारा मी एकटाच होतो. मग ताई आल्या. तेव्हा मी त्यांना सांगायला हवं होतं, की बाई गं, मी अधूनमधून अर्धवट लिहून ठेवत असतो, जपून. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर रविवारचं उघडं पडलं असतं.

ताई माझ्याच वयाच्या, वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे. माहेर उरणकडे खाडीकाठी, कोळ्यांचं घर, सासर पनवेलात. लग्नाआधी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, मग पोरंबाळं, मग एकदम आता नोकरी. त्यांचे मिस्टर बंदरात एका ठेकेदाराकडे होते, तो ठेका गेला आणि ते घरी बसले. घर ताईंच्या पगारावर आलं. मालकांनी सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं, काम बघून कायम करू म्हणाले होते, आणि ती मुदत त्याच महिन्यात संपत होती. ताई कायमच्या पत्राची वाट बघतायत हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. जिन्यात झाडू मारणाऱ्या मावशीसुद्धा विचारायच्या, "आलं का गं तुझं पत्र?"

गुरुवारी मी तळोज्याची ओळ लिहून ठेवली. तळोज्याची म्हणजे तिथल्या एका केमिकल कंपनीची, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या मेल येत्या रविवारी एका नव्या सर्व्हिसवर जाणार होत्या. नव्या सर्व्हिसचा पत्ता मी रकान्यात घातला, सेव्ह केलं, सोडून दिलं. संध्याकाळी बोलता बोलता ताईंना मी तो पत्ता सांगितलाही होता. रविवारी हे असं असं होणार आहे म्हणून, शिकवण्यासाठी.

शुक्रवारी सकाळी ताईंनी एक नवीन नाव घातलं. उरणच्या बाजूच्या एका मासळी निर्यातवाल्याचं. त्यांच्या माहेरकडचं गिऱ्हाईक, म्हणून त्या खुशीत होत्या. सगळं दोनदा तपासलं, अप्लाय दाबलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "झालं हो आमच्या पापलेटाचं बारसं!" मालक तेव्हा केबिनबाहेरच उभे होते. ते हसले, "पेढे कुठायत?" म्हणाले. म्हणजे अप्लाय कोणी दाबलं हे ऑफिसभर माहीत झालं.

त्या बटणासरशी माझी तळोज्याची ओळ लागू झाली होती. मेल नव्या सर्व्हिसच्या दारात जायला लागल्या होत्या, आणि तिथे अजून एकही मेलबॉक्स उघडलेला नव्हता. असा माणूस इथे राहत नाही, म्हणून प्रत्येक मेल पाठवणाऱ्याकडे परत.

मी डबा बंद केला, हातही नीट धुतला नाही. पॅनेल उघडलं. माझी ओळ तिथे होती. मी ती पुसली, जुना पत्ता घातला, सेव्ह, अप्लाय. कोणी मागे येऊन उभं राहायच्या आत. पुसताना मला माहीत होतं मी काय पुसतोय. तो पत्ता कोणीही वाचला असता तर एका नजरेत कळलं असतं की ही ताईंची चूक नव्हे, ही रविवारची तयारी आहे.

तेवढ्यात मालक केबिनमधून बाहेर आले. त्यांनाही फोन गेला होता.

"काय झालंय?"

"मेलच्या ओळीत चुकीचा पत्ता पडला होता," मी म्हटलं. "दुरुस्त केलाय."

"पडला म्हणजे? आंबा आहे का पडायला? सकाळी पॅनेलला कोण होतं?"

"मी होते सर," ताई म्हणाल्या. "पण मी मासळीवाल्याचंच नाव घातलं. तळोज्याचं पान उघडलंसुद्धा नाही."

"अप्लाय तुम्हीच केलंत ना? माझ्यासमोर केलंत."

"हो. मीच केलं."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही सगळे पॅनेलमध्ये एकाच नावाने, एकाच पासवर्डने जात होतो, त्यामुळे कोणी काय लिहिलं हे पॅनेल सांगू शकत नव्हतं. सांगायचं तर मीच. मी म्हणालो, "सर, आधी मेल तर सुरू होऊ देत. कोणाचं काय ते मग बघू."

किती समजूतदार वाटलं असेल ते. मालकांनी मान हलवली. ताईंनी तर माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांची बाजूच घेतली.

ओळ दुरुस्त केली की लगेच सगळं ठीक होतं असं नाही. नेमसर्व्हरने दिलेलं उत्तर विचारणारी मशीनं काही काळ जपून ठेवतात. आमच्याकडे तो काळ एक दिवसाचा ठेवलेला होता. म्हणजे सकाळपासून ज्या ज्या मशीनने तळोज्याचा पत्ता विचारला होता, ती दुसऱ्या दिवशीपर्यंत चुकीच्याच दारात मेल टाकणार. ज्यांनी विचारला नव्हता त्यांची बरोबर येणार. काहींची मेल येतेय, काहींची परत जातेय, आणि त्यात काही संगती नाही. आमच्या हातात वाट बघण्याखेरीज काही नाही, असं मी मालकांना सांगितलं.

ते खोटं होतं. हातात एक गोष्ट होती. नव्या सर्व्हिसला फोन करायचा, रविवारी उघडायचे मेलबॉक्स आत्ताच उघडा म्हणायचं. तास-दोन तासांचं काम. चुकीच्या दारात आलेल्या मेलना तिथेच आत घेतलं असतं. पण हा उपाय तोंडातून काढला की पुढचा प्रश्न आलाच असता: मेल नव्या सर्व्हिसकडे जातायत हे तुला कसं माहीत? मी फोनकडे बघत बसलो आणि तो लावला नाही. इतर सगळं एक वेळ चूक म्हणून सोडून देता येईल. हे येणार नाही.

शनिवारी तळोज्याचे मॅनेजर सकाळपासून फोनवर होते. त्यांचे कंटेनर बंदराच्या गेटबाहेर उभे होते आणि आत जायचे कागद मेलने यायचे होते. "मॅडम, शिपिंगवाल्याची मेल आली, कस्टमच्या एजंटची बाउन्स झाली, हे काय चाललंय काय? ड्रायव्हर लोक शिव्या घालतायत मला!" ताई एकेकाला फोन लावत होत्या. एजंट, सर्व्हेअर, ट्रान्स्पोर्टवाला. "सर, तुम्ही त्या पत्त्यावर नका पाठवू, मी दुसरा सांगते, लिहून घ्या." कोणी ओरडलं तर ऐकून घेत होत्या. एक जण मासळी बाजाराची भाषा काढायला लागला, तर त्या म्हणाल्या, "भाऊ, मी बाजारातच वाढलेय, माझ्याशी नका लागू. पत्ता घ्या." आणि त्याने घेतला.

मी समोर बसून पॅनेल उघडं ठेवून काहीतरी तपासत असल्यासारखा दिसत होतो.

दुपारी मॅनेजरांनी एक परत आलेली मेल जशीच्या तशी आमच्याकडे पाठवली. ताईंनी ती वाचली. परत आलेल्या मेलच्या खाली, ती कोणी नाकारली त्या मशीनचं नाव असतं.

"दादा, इकडे या जरा. हे नव्या सर्व्हिसचं नाव आहे ना? तुम्ही गुरुवारी सांगितलेलं? ते इथे कसं?"

त्या क्षणाला सांगून मोकळं होता आलं असतं, आणि अजून उपयोगही झाला असता, कारण कंटेनर अजून बाहेरच होते. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो आणि अगदी हळू आवाजात म्हणालो, "मी गुरुवारी तुम्हाला सांगितला ना तो पत्ता. डोक्यात राहिला असेल. सकाळी पॅनेल उघडताना हाताने तोच टाइप झाला असेल."

"पण मी तळोज्याचं पान उघडलंच नाही."

"उघडलेलं आठवत नाही, असं म्हणा. होतं असं कधी कधी, ताई. आपल्याला कळतही नाही."

मी ते मायेने बोललो. ओरडून बोललो असतो तर त्या भांडल्या असत्या. त्यांनी ती मेल बंद केली. जरा वेळाने त्यांच्या बहिणीचा फोन आला, तेव्हा खिडकीशी जाऊन बोलताना मला ऐकू आलं, "चूक माझीच हाय गो. मला आठवत नाय, पण माझीच हाय."

रविवारी ठरल्याप्रमाणे नव्या सर्व्हिसने मेलबॉक्स उघडले. या खेपेला मी ऑफिसला जाऊन ओळ लिहिली, आणि तीच ओळ, तोच पत्ता, आता बरोबर होता. घरी आलो तर बायको म्हणाली, "आज कधी नव्हे ते खरोखर गेला होतात वाटतं ऑफिसला?" म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. तळोज्याकडून वारा येत होता, त्या उग्र वासाने आत आलो.

सोमवारी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"गिऱ्हाईक नाव मागत होतं. कोणी केलं, आणि तो माणूस आमच्या कामावर पुन्हा नको, असं म्हणतायत. मी ताईंचं सांगितलं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कायम करणं आता शक्य नाही. हा महिना संपेपर्यंत राहू देत. तू त्यांच्याकडून काम समजून घे."

मला वाटलं नव्हतं मी बोलेन. पण बोललो. "सर, ती ओळ माझी होती." आणि मग सगळं सांगितलं. रविवारचं, फोनवरून अप्लाय दाबण्याचं, बदली रजांचं, शुक्रवारी ओळ पुसल्याचं. बोलताना मी टेबलावरच्या त्यांच्या चष्म्याकडे बघत होतो.

मालकांनी उठून दार लावलं.

"म्हणजे शुक्रवारीच मेलबॉक्स उघडून घेता आले असते."

"हो."

"आणि तू गप्प बसलास. त्या बाईला दिवसभर शिव्या खाताना बघत बसलास." मला वाटलं, आता मला काढतील. खरं म्हणजे काढावं अशी इच्छा होती. मग ते म्हणाले, "हे बघ. आता मी त्यांना फोन करून सांगू, की चूक नव्या बाईची नव्हती, आमच्या सगळ्यात जुन्या माणसाची होती? उद्या ते सगळं काम उचलून नेतील. मग तू, मी, ती, सगळेच घरी. तिला मी बघतो कुठेतरी. ओळखी आहेत माझ्या. तू आता तोंड उघडू नकोस."

मी बाहेर आलो तेव्हा मला हलकं वाटत होतं. याची लाज मला आजही सगळ्यात जास्त वाटते. मी सांगितलं होतं ना? मग पुढचं मालकांचं. असं मी स्वतःला समजावलं आणि दुपारचा डबा पोटभर खाल्ला.

ताईंना त्याच दुपारी कळवलं गेलं. त्या रडल्या नाहीत. "त्यांच्या जागी मी असते तर मीपण काढलं असतं," एवढंच म्हणाल्या, आणि मला त्यांच्याकडची कामं समजावून द्यायला बसल्या.

पण त्यांच्यात काहीतरी मोडलं होतं. एका शाळेच्या वेबसाइटचा पत्ता बदलायचा होता, अगदी किरकोळ काम, त्या एका नावापुरतं. त्यांनी लिहिलं, सेव्ह केलं, आणि हाक मारली. "दादा, जरा येता का? मी बरोबर नावात आहे ना? मोठ्याने वाचा." मी वाचलं. "बरोबर आहे. करा अप्लाय." त्यांनी माउस बटणापर्यंत नेला आणि हात मागे घेतला. "तुम्हीच करा." मी केलं. दुसऱ्या कामाला तेच. मग साधा फोन नंबर लिहून घेतला तरी तो मला वाचून दाखवायला लागल्या.

बुधवारी चहा घेताना त्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "उद्या मी थोडी उशिरा येईन. डॉक्टरकडे जायचंय."

"काय झालं?"

"डोक्याचे डॉक्टर. मुलीने नंबर लावलाय." कपाकडे बघत त्या सांगत होत्या. "माझ्या आईला असंच सुरू झालं होतं. चूल पेटवलेली आठवायची नाय. मीठ घातलेलं आठवायचं नाय, परत घालायची. भांडायची आमच्याशी, मी घातलंच नाय म्हणून. शेवटी आमची नावं विसरली. मीपण तशीच सांगत होते ना तुम्हाला, तळोज्याचं पान उघडलं नाय म्हणून?" आणि हसल्या. "आत्ताच कळलं ते बरं झालं. पोरांची लग्नं व्हायचीत अजून."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"ताई, ती ओळ तुम्ही लिहिली नव्हती."

"असू दे हो दादा. आता काय त्याचं."

"तुम्ही लिहिली नव्हती. मी लिहिली होती. गुरुवारी लिहून सेव्ह करून ठेवली होती, रविवारी लागू करायला. तुम्ही मासळीवाल्याचं अप्लाय केलंत तेव्हा ती लागू झाली. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. तुम्ही ते पान उघडलंच नव्हतं."

पहिल्यांदा त्यांना ते समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. मग त्या उठल्या.

"आन मला तुमी काय सांगितलंत? शेजारी बसून? डोक्यात राहिला असेल?" ऑफिसात त्या इतकी नीट भाषा बोलायच्या, ती त्या क्षणी सुटली. "माझ्या डोक्यात? पोरीला घेऊन मी डॉक्टरकडे चाललेय, आन तुमाला ठावं हाय, आन तुमी चा पिताय?"

"माझं चुकलं."

"मालकांना माहीत हाय?"

"सोमवारी सांगितलं."

"सोमवारी!" त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकला. "म्हंजे त्यांनी मला दुपारी बोलावलं तेव्हा त्यांना माहीत होतं. तुमी दोघांनी मिळून ठरवलंत. बाई नवी हाय, बाईला घालवा." आत वेबसाइट बनवणारी मंडळी माना वर करून बघायला लागली होती. त्यांची पर्वा न करता ताई म्हणाल्या, "फोन लावा."

"कोणाला?"

"तळोज्याला. माझ्यासमोर. स्पीकरवर."

"आधी मालकांशी एकदा बोलून..."

"तुमचं बोलणं झालंय त्यांच्याशी. आता माझ्यासमोर बोला."

मी लावला. घंटा वाजत असताना मला मनापासून वाटत होतं की त्यांनी उचलू नये. मॅनेजरांनी उचलला. मी नाव सांगितलं आणि जे झालं ते सांगितलं. मधे एकदा थांबलो तर ताई म्हणाल्या, "पुढे." शुक्रवारी मेलबॉक्स उघडून घेता आले असते हेही सांगितलं. ते सांगायला ताईंनी मला सांगितलं नव्हतं; त्यांना ते माहीतच नव्हतं. ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग मॅनेजर म्हणाले, "म्हणजे मॅडमची काहीच चूक नाही?"

"नाही. लिहिलेलं माझं होतं. त्यांनी फक्त बटण दाबलं."

"आणि शनिवारी दिवसभर आमच्या एजंटच्या मागे लागून कागद कोणी आणले?"

"त्यांनीच."

"तुम्ही काय करत होता?"

"बसलो होतो."

"बरं," ते म्हणाले. "साहेबांना सांगा मला फोन करायला. आत्ताच्या आत्ता." आणि फोन बंद झाला.

निरोप आत दिल्यावर केबिनच्या काचेतून मालक फोनवर बोलताना दिसत होते. एकदा उभे राहिले, मग बसले. बाहेर आले ते सरळ माझ्यासमोर. "तुला मी काय सांगितलं होतं?" ते ताईंकडे वळले. "ते म्हणतायत काम इथेच ठेवतो, पण मॅडमच बघणार. याचा हात लागता कामा नये." मग जरा घुटमळून, "तर ताई, झालं गेलं ते सोडून द्या. ते पत्राचं... उद्या करून देतो मी."

"आज द्या, सर."

"अहो, टाइप करायला पाहिजे, लेटरहेड..."

"मी करते टाइप," ताई म्हणाल्या. "माझ्या डोक्याला काय झालेलं नाय."

आणि बसून त्यांनी स्वतःच्या कायमच्या नेमणुकीचं पत्र स्वतः टाइप केलं, प्रिंट काढली आणि मालकांच्या पुढ्यात ठेवली. मालकांनी वाचून सही केली. पत्र पर्समध्ये ठेवून त्यांनी मुलीला फोन केला, डॉक्टरचा नंबर रद्द कर म्हणून. का ते सांगितलं नाही. "घरी आल्यावर सांगते, लांबलचक हाय," म्हणाल्या.

मग त्या माझ्या टेबलापाशी आल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. माझंच तोंड आधी उघडलं. "ताई, मला माफ..."

"ते राहू द्या. आणखी कुठे कुठे लिहून ठेवलंय?"

"कुठेच नाही."

"बघून सांगा."

"नाही हो, खरंच काही नाही. शुक्रवारी अप्लाय झालं तेव्हा जे होतं ते सगळं लागू झालं. आता काही शिल्लक..."

आणि मला आठवलं. हॉस्पिटल. पुढच्या रविवारी एका हॉस्पिटलच्या रिपोर्टांची साइट दुसऱ्या मशीनवर जायची होती. तिची ओळ मी लिहून ठेवली होती. लिहिताना माझ्या मनात काय होतं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं. काहीही नव्हतं. मागच्या प्रकाराचा विचारसुद्धा मनात आला नाही. काम समोर आलं, लिहिलं, सेव्ह केलं, आता रविवारी बघू म्हणून सोडलं. मधल्या दिवसांत ताईंनी, मी किंवा आणखी कोणी एखादं नवीन नाव घातलं असतं तर हॉस्पिटलचे पेशंट रिकाम्या मशीनवर आपले रिपोर्ट शोधत बसले असते.

मी पॅनेल उघडलं. हॉस्पिटलचं पान काढलं. ताई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या.

"ही कधीची?"

"मंगळवारची."

"कुठल्या मंगळवारची?"

"कालच्या."

त्यांनी माझ्या हाताखालचा माउस काढून घेतला. मग म्हणाल्या, "उठा. उठा त्या खुर्चीवरून."

मी उठलो.